आधी तारीख बघा, मग फोन बदला

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबांचा फोन दुपारपर्यंतही टिकत नाही, आईच्या फोनवरची ‘जागा संपली’ ही पाटी हटत नाही आणि लॅपटॉप चालू होईपर्यंत धीर सुटतो, म्हणून तिन्ही वस्तू एकदम नव्या घ्यायचं तुमच्या मनात आहे. जरा थांबा. तिन्ही दुखणी वेगवेगळी आहेत आणि नवी वस्तू हा एकाचाही पहिला इलाज नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी व्हायला नको. बोलताना सेटिंग्जची नावं निसटतात, म्हणून लिहूनच पाठवते. फोन शेजारी ठेवून वाचा, म्हणजे वाचता वाचता कामंही होतील.

फोन निवृत्त करायचा की नाही हे त्याच्या वेगावरून ठरवू नका. बॅटरी बदलता येते, जागा मोकळी करता येते, पण कंपनीने सुरक्षा अपडेट देणं थांबवलं की ते कुठे विकत मिळत नाहीत. म्हणून सगळ्यात आधी एक तारीख बघा. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, तळाशी ‘अबाउट फोन’, त्यात ‘अँड्रॉइड व्हर्जन’ किंवा ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’. तिथे दोन तारखा दिसतील आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. ‘गूगल प्ले सिस्टिम अपडेट’ची तारीख वेगळी. ती अलीकडची दिसली म्हणून खूश होऊ नका, कारण तिच्यात फोनचे मोजकेच भाग येतात. आपल्याला हवी ती ‘अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट’ किंवा ‘सिक्युरिटी पॅच लेव्हल’ची तारीख. ती तीन-चार महिन्यांच्या आतली असेल तर निश्चिंत राहा. सहा महिन्यांहून जुनी असेल तर ‘सॉफ्टवेअर अपडेट’मध्ये जाऊन स्वतः शोधा. तरीही काही आलं नाही, तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार बंद. गाणी, गजर, रेडिओ यांसाठी तो खुशाल वापरा.

कधी खरंच नवा घ्यायची वेळ आली, तर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारण्याआधी ‘अपडेट कोणत्या वर्षापर्यंत?’ हे विचारा. गूगलच्या २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगच्या २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षांची हमी सुरू झाली. स्वस्त फोनांना त्याहून बरीच कमी मिळते. ही वर्षं मोजतात ती मॉडेल बाजारात आल्यापासून, तुम्ही घेतल्यापासून नाही. सवलतीत मिळालेल्या दोन वर्षं जुन्या मॉडेलचं दोन वर्षांचं आयुष्य दुकानातच सरलेलं असतं.

आता बाबांची बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी वापरली तरी झिजते आणि नुसती ठेवली तरी झिजते. झीज मोजायचं माप म्हणजे ‘सायकल’: एकूण शंभर टक्के चार्ज वापरला की एक सायकल, मग तो आज साठ आणि उद्या चाळीस असा का असेना. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० सायकलींनंतर, तर आयफोन १५ पासूनच्या १००० सायकलींनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बेताने बनवलेल्या आहेत. इतर कंपन्यांचे आकडे वेगवेगळे असतात. रोज एक सायकल धरली, तर जुन्या प्रकारची बॅटरी दीड-दोन वर्षांत थकणारच. त्यात बाबांचा दोष नाही.

बॅटरी जुनी झाली की क्षमता घटते आणि तिचा अंतर्गत रोधही वाढतो. कॅमेरा किंवा व्हिडिओ कॉल सुरू होताना फोन एकदम जास्त वीज मागतो, व्होल्टेज झपकन खाली येतं आणि पडद्यावर २५ टक्के दिसत असतानाच फोन मान टाकतो. तसं होऊ नये म्हणून काही फोन स्वतःच प्रोसेसरचा वेग कमी करतात. तेव्हा ‘फोन हळू झालाय’ या तक्रारीच्या मुळाशीही कधीकधी बॅटरीच असते. आयफोनवर सेटिंग्जमधल्या ‘बॅटरी’खाली ‘बॅटरी हेल्थ’ दिसतं. ८० टक्क्यांच्या खाली गेलं असेल तर बॅटरी बदलून घ्या. ज्या अँड्रॉइडवर हा आकडा दिसत नाही, तिथे सोपी खूण अशी: टक्के पायरी-पायरीने न उतरता उड्या मारत उतरत असतील, तर बॅटरी संपत आली.

नव्या बॅटरीचा सगळ्यात मोठा शत्रू उष्णता. उशीखाली ठेवून चार्ज करणं, उन्हात उभ्या गाडीत फोन सोडणं, चार्जिंगला लावून तासभर व्हिडिओ बघणं, हे तिन्ही बंद. चार्ज होताना फोन हाताला गरम लागला तर कव्हर काढा. दुसरा शत्रू म्हणजे तासन्‌तास १०० टक्क्यांवर बसून राहणं. फोन चार्ज घेणं थांबवतो हे खरं, पण भरलेल्या बॅटरीतलं व्होल्टेज चढलेलं राहतं आणि आतली रसायनं लवकर खराब होतात. सॅमसंगमध्ये ‘बॅटरी प्रोटेक्शन’, पिक्सेलमध्ये ‘चार्जिंग ऑप्टिमायझेशन’, आयफोन १५ आणि पुढे ‘चार्ज लिमिट’ असतं. तिथे ८० टक्के ठेवा. प्रवासाला निघताना १०० करा, काही बिघडत नाही. शून्यापर्यंत उतरवून मगच लावायचं, ही जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली सवय. आता तिने फायदा होत नाही, झाला तर तोटाच. कपाटात ठेवायचा फोन मात्र निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवा.

बॅटरी फुगली असेल, म्हणजे पडदा कडेने उचलला गेला असेल किंवा लॅपटॉपचा टचपॅड वर आला असेल, तर त्या क्षणी चार्जिंग थांबवा. आत वायू साठलेला असतो. दाबून बसवायचं नाही, टोचायचं नाही, घरच्या कचऱ्यात टाकायचं नाही. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.

बॅटरी बदलायला शक्यतो कंपनीच्या अधिकृत केंद्रात जा. बाहेर जायचंच झालं तर मूळ बॅटरीइतक्याच क्षमतेची, म्हणजे तेवढ्याच मिलीअँपिअर-तासांची मागा. ५००० च्या जागेत तेवढ्याच आकाराची ७००० ची मिळते असं कोणी म्हणालं तर दुकान बदला. फोन उघडला की पाणी अडवणारा चिकट थर फाटतो, आणि तो नव्याने नीट लागेलच असं नाही. तेव्हा दुरुस्तीनंतर फोन पाण्यापासून जपा. आणि बाबा, दुकानात लॉकचा पिन कागदावर लिहून द्यायचा नाही. बॅटरी बदलायला पिन लागतच नाही. फोन चालू करून तपासायचा असेल तर सॅमसंगच्या नव्या फोनांत ‘मेंटेनन्स मोड’ आणि पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ आहे. तो सुरू केला की दुरुस्ती करणाऱ्याला रिकामा फोन दिसतो. तुमचे फोटो, संदेश, ॲप सगळं झाकलेलं राहतं. ही सोय नसेल तर बॅकअप घेऊन, फोन पुसून मगच द्या.

आई, तुझा फोन बहुधा ठणठणीत आहे, फक्त पोट भरलंय. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ उघड. पाच एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फायली तिथे वेगळ्या काढलेल्या असतात. सुप्रभातची फुलं आणि तेच ते व्हिडिओ निवडून उडव. मग त्याच पानावर ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’मध्ये मोबाइल डेटा, वायफाय, रोमिंग या तिन्हींखालच्या खुणा काढ. यापुढे जे बघायचं तेवढंच उतरेल. एकूण जागेपैकी दहा-पंधरा टक्के मोकळी राहू दे. फोनची साठवण भरत आली की लिहायला सलग मोकळी जागा सापडत नाही, आधी जुन्या नोंदी हलवाव्या लागतात, आणि सगळा फोन जड होतो. ‘फोन क्लीनर’, ‘बूस्टर’ असली ॲप मात्र टाकू नकोस. ती जागाही खातात आणि माहितीही.

लॅपटॉपच्या बाबतीत दोन गोष्टी. त्यात फिरती हार्ड डिस्क असेल तर चालू व्हायला लागणारा वेळ तिचाच आहे. तिच्या जागी अडीच इंची, सात मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी, वेगवान डिस्क बसते. जुनी डिस्क नव्यावर जशीच्या तशी उतरवून घेतली की काहीच नव्याने बसवावं लागत नाही. रॅम चार जीबी असेल आणि जागा असेल तर आठ करा. पण त्याआधी विंडोजची आवृत्ती बघा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वेगळी नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेल असल्यास साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ते नसेल तरी लॅपटॉप भंगार होत नाही. विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली आहे. ते पेनड्राइव्हवरून, आतलं काही न पुसता, चालवून बघता येतं. ईमेल, ब्राउझर, चिठ्ठ्या-पत्रं एवढ्यासाठी ते पुरून उरतं. फक्त छापायचं यंत्र आणि बाबांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे आधी तपासू. कुठलाही बदल करण्याआधी फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवायचे आणि ती डिस्क काढून ठेवायची. कायम जोडलेल्या डिस्कला बॅकअप म्हणू नये. खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर तीही कुलूपबंद होते.

आता खासगीपणा. ‘आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?’ असं तुम्ही म्हणता, आणि लपवण्यासारखं नसेलही. पण जपण्यासारखं नक्की आहे: सगळ्यांचे नंबर, बँकेचे संदेश, औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’, त्यात ‘परमिशन मॅनेजर’ उघडा. लोकेशन, मायक्रोफोन, कॉन्टॅक्ट्स, एसएमएस या चार ठिकाणी कोण कोण बसलंय ते बघा. नकाशाला लोकेशन लागतं, टॉर्चला कॉन्टॅक्ट्स कशाला? लोकेशन बहुतेकांना ‘फक्त वापरताना’ पुरतं. तिथेच ‘ॲड्स’मध्ये ‘डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी’ दाबा. जाहिराती थांबत नाहीत, पण तुम्हाला ॲप-ॲपमधून ओळखण्याची एक खूण पुसली जाते.

याहून महत्त्वाचं ठिकाण म्हणजे ‘ॲक्सेसिबिलिटी’. ज्यांना कमी दिसतं त्यांच्यासाठीची ही सोय आहे, पण ती मिळालेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. संदेशातून आलेली बनावट ॲप हीच परवानगी मागतात. तिथल्या ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मध्ये तुम्ही स्वतः सुरू न केलेलं काही चालू दिसलं, तर बंद करा आणि इंटरनेट तोडून मला फोन करा. बँकेच्या, पोलिसांच्या, वीज कंपनीच्या नावाने आलेली एपीके फाइल, म्हणजे ॲप बसवणारी फाइल, उघडायची नाही. तुमच्या फोनचा पडदा समोरच्याला दाखवणारं ॲप टाका असं कोणी म्हणालं तर फोन ठेवायचा, नमस्कार-चमत्कार न करता.

एक जुनी युक्ती पुन्हा चालते: समोरचा स्टारने सुरू होणारा एखादा आकडा डायल करायला सांगतो. त्याने तुमचे कॉल त्याच्या नंबरवर वळतात आणि ओटीपी सांगणारा कॉलही त्यालाच जातो. शंका आली तर *#२१# डायल करून स्थिती बघा. ##००२# ने वळवलेलं सगळं रद्द होतं. बहुतेक सिमवर हे चालतं. व्हॉट्सॲपमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा सहा अंकी पिन लावा आणि महिन्यातून एकदा ‘लिंक्ड डिव्हायसेस’ बघा. अनोळखी संगणक दिसला तर ‘लॉग आउट’.

पासवर्ड वहीत लिहिता म्हणून संकोचू नका. कुलपात ठेवलेली वही इंटरनेटवरून कोणी चोरत नाही. सगळीकडे तोच पासवर्ड वापरणं हे त्यापेक्षा कितीतरी वाईट. वहीत गूगल खात्याचे बॅकअप कोड, सिमचा पीयूके (सिम कुलूपबंद झालं तर उघडायचा आकडा) आणि लॅपटॉपची डिस्क कुलूपबंद असेल तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की लिहा. फोनचा पिन आणि बँकेचा पिन त्या वहीत नको.

टीव्हीबद्दल थोडक्यात. बरेच स्मार्ट टीव्ही पडद्यावरच्या चित्रांचे ठसे घेऊन तुम्ही काय बघता ते कंपनीला कळवतात, डीव्हीडीवरचं सुद्धा. सॅमसंगमध्ये ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’, एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’ बंद करा.

जुना फोन कोणाला द्यायचा झाला तर क्रम चुकवू नका: बॅकअप, व्हॉट्सॲप आणि बँकेची ॲप नव्या फोनवर सुरू झाल्याची खात्री, मग जुन्यावरून गूगल खातं काढणं, मग ‘फॅक्टरी रीसेट’. खातं न काढता पुसलात तर घेणाऱ्यासमोर तुमचाच पासवर्ड मागत फोन अडून बसू शकतो. सिम आणि मेमरी कार्ड हाताने काढा. रीसेटने कार्ड पुसलं जातंच असं नाही.

दोघांच्या फोनच्या सिक्युरिटी पॅचच्या तारखा आणि लॅपटॉपचं मॉडेल तेवढं कळवा. पुढचं त्यावर ठरवू.

तुमची,
लेक

ता. क. – आई, चार्जर ढिला बसतो म्हणालीस. त्या भोकात खिशातला कापसासारखा कचरा दाबून बसलेला असतो. फोन बंद कर, लाकडी दात-कोरणीने तळाचा कचरा हलक्या हाताने उकर आणि विजेरीच्या उजेडात बघ. सुई, टाचणी नको, आतले संपर्क वाकतात. फुंकूही नकोस, ओल जाते.