कॉलेजच्या फुटबॉललाही लीग पाहिजे

मा. संपादक साहेब, नमस्कार.

शाहू स्टेडियमवर मॅच असली की आपल्या पेपरात मोठी बातमी येते, फोटो येतात, आणि पीटीएम (पाटाकडील तालीम मंडळ) आणि खंडोबा तालीम या पेठांच्या टीमची मॅच असेल तर आदल्या दिवसापासून पेठेत दुसरा विषयच नसतो. ते बरोबरच आहे, कोल्हापूरला फुटबॉलचा नादच तसा आहे. पण हीच पोरं ज्या कॉलेजात शिकतात त्या कॉलेजच्या टीमचं यंदा काय झालं, हे कुणी विचारतं का हो?

माझा पुतण्या सेकंड इयरला आहे, लेफ्ट बॅक खेळतो. जुलैपासून भर पावसात सकाळी सहाला ग्राउंडवर, घरी येईपर्यंत बुटात चिखल, मग तसंच आवरून लेक्चरला पळायचं. शिवाजी युनिव्हर्सिटीच्या झोनल स्पर्धेत, म्हणजे विभागातल्या कॉलेजांच्या स्पर्धेत, पहिली मॅच ३-१ जिंकले, आणि दुसरी लगेच त्याच दिवशी दुपारी, निम्म्या पोरांच्या पोटऱ्या धरलेल्या, तरी शेवटपर्यंत ०-० ठेवली आणि टायब्रेकरला हरले. संपला सीझन! एका दिवसात! जर्सी एवढ्या कमी की सब्स्टिट्यूट आत जाताना बाहेर येणाऱ्याच्या अंगातली घामानं भिजलेली जर्सी काढून घालत होता, हे मी टचलाईनला उभं राहून बघितलंय.

नॉकआउट, म्हणजे एकदा हरलं की बाहेर, असल्यामुळे हे असं होतं. झोनल, मग इंटरझोनल, त्यातनं युनिव्हर्सिटीची टीम निवडणार आणि ती वेस्ट झोनच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणार. वर जाणाऱ्या दोन-चार टीमना खेळायला मिळतं, बाकीच्यांना एखाद-दुसरी मॅच. तीन वर्षांच्या डिग्रीत पोरगं कॉलेजकडून पाच-सहा मॅच खेळलं तरी नशीब म्हणायचं, त्यात कोच काय शिकवणार आणि निवड समितीला तरी काय दिसणार?

कुणी म्हणेल चांगली पोरं पुढं जातातच, आपला अनिकेत जाधव नाही का २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला. खरंय, अभिमानच आहे त्याचा, पण तो लहानपणीच घर सोडून पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. ज्यांना तसं जमलं नाही, ज्यांचा खेळ सतराव्या-अठराव्या वर्षी उमलतो, त्यांनी काय करायचं? पेठेच्या टीममधे जागा मिळणं सोपं राहिलेलं नाही, आता तिथं बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडूसुद्धा येतात. म्हणजे राहिलं कॉलेजच.

सातारा-सांगलीच्या टीमना दर आठवड्याला कोल्हापूरला आणा असं माझं म्हणणं नाही, तो खर्च परवडणार नाही हे कळतं. पण शहरातल्या कॉलेजांची लीग शनिवार-रविवारी घ्यायला काय अडचण आहे? चार-चार टीमचे गट पाडा, म्हणजे प्रत्येकाला तीन मॅच तरी नक्की, सेमिस्टरच्या परीक्षा झाल्या की डिसेंबर-जानेवारीत सुरू करा, तेव्हा ग्राउंडही कोरडं असतं. रेफरी इथं आहेत, जुने खेळाडू तर एका फोनवर येतील. युनिव्हर्सिटीच्या क्रीडा विभागानं आणि केएसएनं (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) एकदा बसून हे ठरवावं, अशी कळकळीची विनंती आहे.

आणि साहेब, आपल्यालाही एक विनंती, पुढच्या झोनलचे निकाल तरी छापा, कोण जिंकलं, गोल कुणी मारले एवढ्या दोन ओळी चालतील.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर