गिझरचा प्लग काढून ठेवा

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल आई सहज बोलून गेली की मी काढून ठेवलेला गिझरचा प्लग बाबांनी परत लावलाय. फोनवर हा विषय निघाला की बाबा "बरं बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून हे पत्र.

चवथीला आले तेव्हा पहिल्याच आंघोळीला नळाला हात लावला आणि बोटांना मुंग्या आल्या. आई म्हणाली, "अगो, विहिरीचा पंप चालू असला की जास्त चावतो. मी चपला घालून न्हाते." पंपाचं ऐकलं आणि मला शंका आली. दुपारी मेन स्विच पाडून सॉकेट उघडलं. वरच्या मोठ्या भोकाला, जिथं अर्थिंगची (गळका करंट जमिनीत नेणारी) हिरवी तार हवी, तिथं चार बोटांएवढा लाल तुकडा. त्याचं दुसरं टोक शेजारच्या न्यूट्रलला!

बाबा, पूर्वी ती हिरवी तार न्हाणीतल्या लोखंडी पाइपला आवळलेली होती. पाइप गंजले म्हणून तुम्ही प्लास्टिकचे घातले, आणि आपलं अर्थिंग त्याच दिवशी गेलं. मग कुणीतरी "तात्पुरता" हा तुकडा मारला असणार. तात्पुरतं म्हणजे आपल्याकडे कायमचं, हे काय मी सांगायला हवं?

घरभरचा करंट न्यूट्रलमधूनच परत जातो. पंप सुरू झाला की त्या तारेवर थोडे व्होल्ट चढतात, तेच आईच्या हाताला चावतात. हे किरकोळ झालं. पण खांबावरून येणारी न्यूट्रल तुटली (पावसात त्याला माडाची एक झावळ पुरते), तर चालू असलेल्या फ्रिजमधून, पंख्यामधून 230 व्होल्ट त्या लाल तुकड्यावाटे गिझरच्या टाकीवर, नळावर, पाण्यावर येतील. तुम्ही म्हणता, मी स्विच बंद करूनच आंघोळ करतो. बाबा, तो स्विच फक्त फेज (करंट आणणारी तार) तोडतो. लाल तुकडा जोडलेलाच राहतो. म्हणून प्लगच बाहेर हवा. आणि "इतकी वर्षं काही झालं नाही" याचं कारण एवढंच की ती तार अजून तुटलेली नाही. बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या स्विचवर, एमसीबीवरही विसंबू नका. तो तारेतून जास्त करंट गेला की पडतो. माणसाचा जीव घ्यायला लागणारा करंट त्याच्या खिजगणतीतही नसतो.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तो सतत ताडून बघतो. 30 मिलीअँपियरचा फरक पडला की क्षणात सप्लाय तोडतो. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं, पडला पाहिजे. हे काम बाबांकडे.

डिचोलीत लायसन्सवाला वायरमन मिळेल, त्याच्याकडून एवढं करून घ्या. बोर्डात आरसीसीबी. मागच्या परसात नवीन अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा), आणि तिथून सॉकेटपर्यंत सलग हिरवी तार. आपला जांभा एप्रिल-मेमध्ये कोरडा ठणठणीत होतो, तेव्हा पिटमध्ये आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं. गिझर 2 किलोवॉटचा, म्हणजे जवळजवळ 9 अँपियर ओढणार. त्याला बोर्डापासून वेगळी अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची तार आणि 16 अँपियरचं सॉकेट. मिक्सर, इस्त्री त्याच तारेवर नको. स्विच डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा), न्हाणीच्या बाहेर. आणि लाल तुकडा तुमच्या डोळ्यांदेखत काढायला लावा. पैशांचं मी बघते, त्यावरून वाद नको.

आणखी एक. गिझरखालच्या वॉल्व्हमधून ठिबकतं म्हणून त्यात चिंधी कोंबलेली दिसली. पाणी तापलं की फुगतं, ते तिथूनच निघायला हवं. चिंधी काढा, खाली तांब्या ठेवा.

तोवर आईने न्हाणीतलं चुलीवर पाणी तापवायचं भाण पेटवावं. नारळाची सोडणं पडलीच आहेत परसात. बाबांना धुराचा त्रास होतो हे ठाऊक आहे मला, पण आठ दिवसांचाच प्रश्न आहे.

वायरमन येईल तेव्हा मला व्हिडिओ कॉल लावा. सॉकेट बंद करण्याआधी, नंतर नव्हे.

तुमची,
लेक