तुमची पेन्सिल माझ्याकडेच राहिली

प्रिय स्कोअरवाल्या आजी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ४ जून २०२५ची संध्याकाळ, ओक्लाहोमा सिटीचं डेव्हन पार्क, माझ्या डाव्या हाताची खुर्ची, मांडीवर स्कोअरबुक. तुमची एवढीच ओळख माझ्याकडे आहे. त्यात हे पत्र मराठीत, म्हणजे ते तुमच्यापर्यंत पोचणं कठीणच. पण आभार मला मराठीतच धड मानता येतात. इंग्रजीत मी ‘थँक यू सो मच’ म्हणते आणि पुढे गाडी अडते. त्या रात्री पार्किंगकडे जातानाही तसंच झालं होतं.

आधी माझी बाजू सांगते. माझी लेक तेरा वर्षांची आहे आणि सॉफ्टबॉलमध्ये कॅचर म्हणून, म्हणजे विकेटकीपरसारखी बॅटरच्या मागे बसून, खेळते. गेली चार वर्षं मी तिला सरावाला सोडते, आणते, गुडघ्यांची पॅडं धुते, उन्हात घडीच्या खुर्चीवर बसते आणि फोन बघते. मॅच संपली की ‘छान खेळलीस’ म्हणते. एकदा गाडीत ती म्हणाली, “आई, तू काय छान बघितलंस ते सांग ना.” मला एकही गोष्ट सांगता आली नाही. मी क्रिकेटच्या घरात वाढले. आमचे बाबा रेडिओ लावून वहीत स्कोअर उतरवायचे. मला सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची लहान बहीण वाटायची, आणि बॉलही नावाप्रमाणे मऊच असेल, असं मी बरेच दिवस धरून चालले होते. तो हाताच्या अंगठ्यावर बसला तेव्हा तो गैरसमज गेला.

लेकीच्या हट्टापायी आम्ही डॅलसहून गाडी काढली. विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींची सॉफ्टबॉलची मोठी स्पर्धा, तिच्या फायनलची पहिली मॅच, टेक्सास विरुद्ध टेक्सास टेक. चौसष्ट कॉलेजांतून आठ इथवर येतात, त्या आठांत दोनदा हरल्याशिवाय कुणी बाहेर जात नाही, आणि शेवटच्या दोघींत तीनपैकी दोन जिंकेल ती विजेती, इतपत माहिती लेकीनं वाटेत पाजली होती. बाकी मी कोरी.

तुम्ही गडद लाल रंगाचा ओक्लाहोमाचा शर्ट घातला होता. मी अगदी बावळटासारखं विचारलं, आज तुमची टीम कोणती? तुम्ही म्हणालात, माझी टीम परवा घरी गेली. लेकीनं मला कोपर मारलं. २०२१ ते २०२४ सलग चार वेळा जिंकलेल्या ओक्लाहोमाला टेक्सास टेकनंच दोन दिवसांपूर्वी ३-२ असं घालवलं होतं. सलग चार तर त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. ज्यांनी आपल्या पोरींना हरवलं त्यांचीच मॅच, आणि तुम्ही दोन्ही टीमच्या नऊ-नऊ जणींची नावं एकसारख्या सुबक अक्षरात लिहून तयार! मी असते तर घरी रुसून बसले असते.

पहिल्या इनिंगमध्ये, म्हणजे दोन्ही टीमच्या बॅटिंगच्या पहिल्या फेरीत, तुम्ही गप्प होतात. मी फोन काढला, ठेवला, पुन्हा काढला. दुसऱ्या इनिंगला तुम्ही पिशवीतून दुसरी पेन्सिल काढलीत, एक कोरं पान फाडून माझ्या मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात की एक टीम तू लिही, माझे डोळे दमतात. तुमचे डोळे काही दमले नव्हते, हे मला तिसऱ्या इनिंगपर्यंत कळलं. डाव्या फील्डमधल्या मुलीनं दोन पावलं पुढे घेतलेलीही तुम्हाला दिसत होती.

आता तुम्ही काय शिकवलंत ते लिहिते, म्हणजे चुकलं असेल तर निदान लेक तरी सुधारेल. मैदानावरच्या प्रत्येक जागेला एक आकडा: पिचर (बॉल टाकणारी) एक, कॅचर दोन, पहिला बेस (बेस म्हणजे बॅटरनं धावत ओळीनं गाठायचे थांबे) तीन, दुसरा चार, तिसरा पाच, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली) सहा, मग डावीकडून उजवीकडे सात, आठ, नऊ. शॉर्टस्टॉपनं बॉल उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर आउट, की ६-३. एवढंच लिहायचं. स्ट्राइकआउट (तीन संधी हुकून बॅटर आउट) झाला की इंग्रजी ‘के’. पण बॅटर बॅट न फिरवता नुसती बघत राहिली आणि आउट झाली, तर तोच के उलटा, आरशातल्यासारखा. ह्या उलट्या के वर मी भाळले. एका अक्षराची दिशा बदलून त्या मुलीची सगळी फजिती कागदावर! बाबांच्या वहीत असलं काही नव्हतं.

आणि गंमत म्हणजे लिहायला लागल्यावर खेळ दिसायला लागला. रकाना भरायचा तर बॉल कुणी उचलला ते बघावं लागतं, आणि ते बघायचं तर बॉल सुटायच्या आधीपासून नजर तिथे हवी. तुम्ही माझ्या गुडघ्यावर पेन्सिल टेकवून म्हणालात, बॉलच्या मागे धावू नकोस, मुलींचे पाय बघ. मी तिसऱ्या बेसवालीचे पाय बघितले. समोर डावरी बॅटर होती, पिच सुटता सुटता धावत पुढे येऊन बॉलला नुसती चापट मारून पहिल्या बेसकडे सुटणाऱ्यांतली. ती येताना बघून तिसऱ्या बेसवाली चक्क चार पावलं आत येऊन उभी. बेसमधलं अंतर फक्त साठ फूट, म्हणजे एवढीशी हयगय झाली तर पोरगी पोचलीच. चार वर्षं मी ह्या मुली उगाच इकडेतिकडे फिरतात असं समजत होते.

पिचिंगचंही तसंच. आपल्या क्रिकेटच्या दोन स्टंपांत सहासष्ट फूट असतात. इथे पिचर त्रेचाळीस फुटांवरून, हात खालून गोल फिरवून टाकते. टेकची नायजेरी कॅनडी ताशी सत्तर मैलांच्या आसपास टाकत होती. बॅट फिरवायची की नाही हे ठरवायला अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ. तिला स्टॅनफर्डहून आणायला दहा लाख डॉलरहून मोठा करार झाला, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तुमच्या आवाजात कौतुक होतं की नाराजी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. लगेच तुम्ही १९६९वर गेलात. कॉलेजच्या पोरींची ही स्पर्धा तेव्हा ओमाहात सुरू झाली, मुलींच्या खेळांसाठी कॉलेजांना बांधून घेणारा टायटल नाइन कायदा १९७२चा, आणि एनसीएएनं, कॉलेजांच्या खेळांच्या संस्थेनं, ही स्पर्धा हातात घेतली ती थेट १९८२ला. त्या वर्षी लॉस एंजेलिसचं यूसीएलए विद्यापीठ जिंकलं. ओक्लाहोमा सिटीत स्पर्धा १९९०ला आली, तेव्हापासून तुमचे दोनच उन्हाळे चुकले: १९९६ला ती जॉर्जियातल्या कोलंबसला नेली तेव्हा, आणि २०२०ला करोनानं झालीच नाही तेव्हा. ते दोन्ही उन्हाळे तुम्ही अशा काही तक्रारीनं मोजलेत, जसं कुणी घरचं कार्य परस्पर उरकलंय.

दोन इनिंगच्या मधल्या वेळात तुम्ही लेकीला २०२१ची जेम्स मॅडिसनची गोष्ट सांगितलीत. मानांकन नाही, पहिल्यांदाच इथे आलेल्या, आणि पहिल्याच मॅचमध्ये ओक्लाहोमाला हरवलं. पुढच्या मॅचला त्यांची पिचर ओडिची अलेक्झांडर बंट (बॅटनं नुसता टेकवलेला बॉल) उचलून, झेप घेऊन, होम प्लेटवर (बॅटरच्या जागी, जिथे परतलं की धाव होते) येणाऱ्या मुलीला टॅग करते, म्हणजे बॉल लावून आउट करते. हे सांगताना तुमचा हात हवेत आडवा गेला आणि पुढच्या रांगेतल्या गृहस्थांची टोपी पडली. ज्यांनी तुमच्या टीमला हरवलं त्यांची गोष्ट तुम्ही इतक्या लाडानं सांगत होतात! (नंतर ओक्लाहोमानं त्यांना दोनदा हरवून करंडक नेला, हे मात्र लेकीनं विचारल्यावरच सांगितलंत.)

मग ती सहावी इनिंग. टेक एका धावेनं पुढे, टेक्सासच्या मुली दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर, बॅटिंगला रीस ॲटवुड. पहिला बेस मोकळा. टेकनं ठरवलं, हिला मुद्दाम वॉक द्यायचा, म्हणजे चार बॉल बाहेर टाकून फुकट पहिल्या बेसवर जाऊ द्यायचं. एक बॉल बाहेर, दुसरा बाहेर, तिसरा बाहेर. तुमच्या रकान्यात बॉलच्या तीन बारीक खुणा झाल्या आणि तुम्ही चौथ्याची वाट न बघता आयबीबी, मुद्दाम दिलेला वॉक, लिहूनही टाकलंत. मी तुमच्याकडे बघून तसंच लिहिलं. कॅनडीचा चौथा बॉल हवा तेवढा बाहेर गेला नाही. ॲटवुडनं हात लांबवून तो डाव्या फील्डकडे ढकलला. दोन्ही मुली होम प्लेट ओलांडून आत, २-१.

सगळं स्टेडियम उभं. लेक खुर्चीवर चढलेली. तेवढ्या हलकल्लोळात तुम्ही खाली वाकून खोडरबरनं ती तीन अक्षरं खोडत होतात. खोडून झाल्यावर फुंकर मारलीत, रबराचा भुगा माझ्या गुडघ्यावर उडाला, आणि त्या मळकट चौकोनात तुम्ही सात आकड्याकडे जाणारी एक रेघ काढलीत. मग माझ्या पानाकडे बोट. मीही खोडलं. माझं पान फाटलं. तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणालात, पस्तीस वर्षांत इतक्या घाईनं कधी लिहिलं नव्हतं.

सातव्या इनिंगमध्ये टेकला बरोबरी साधता आली नाही. गर्दीत आम्ही वेगळ्या बाजूला ढकलले गेलो. जिन्यावर पोचल्यावर लक्षात आलं, तुमची पेन्सिल माझ्या कानावरच आहे. मागे वळले, पण लाल शर्ट शेकड्यानं होते.

दुसरी आणि तिसरी मॅच आम्ही घरून टीव्हीवर बघितली, दोघी जमिनीवर बसून, मध्ये एक स्कोअरबुक. दुसरी टेकनं ४-३ नेली. तिसरीत टेक्सासनं पहिल्याच इनिंगमध्ये पाच धावा ठोकल्या, कॅनडी पुढच्या इनिंगला आलीच नाही, आणि चौथ्या इनिंगमध्ये मिया स्कॉटचा ग्रँडस्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होम रन, एका फटक्यात चार धावा. १०-४. टेक्सासचं हे पहिलंच विजेतेपद. नवरा मधूनच विचारत होता की कोण जिंकतंय, आणि आम्ही दोघी त्याला ‘थांब, लिहितोय’ म्हणत होतो.

आता लेकीच्या टीमचा स्कोअर मी लिहिते. पहिल्या मॅचला माझ्या हिशेबात एका टीमच्या एका इनिंगमध्ये चार आउट झाले होते, असतात तीनच. कोचनी ते पान बघून काहीही न बोलता परत दिलं. मागच्या शनिवारी मात्र गाडीत मी लेकीला म्हटलं, “चौथ्या इनिंगमध्ये समोरच्या टीमची पोरगी चोरून दुसऱ्या बेसला निघाली तेव्हा तू गुडघ्यावरूनच फेकलास, उभी राहिली नाहीस.” तिनं सीट बेल्ट लावता लावता माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “दिसलं तुला?” मी पान दाखवलं. २-४, कॅचरकडून दुसऱ्या बेसला, आउट.

एक अडलंय, आजी. त्याच मॅचला एका बॅटरनं मारलेला बॉल पळणाऱ्या आमच्याच टीममधल्या एका मुलीच्या पायाला लागला. पंचांनी तिला आउट दिलं. आउट मी लिहिलं, पण तो कुणाच्या नावावर टाकायचा? लेक म्हणते, जवळ जी फील्डर होती तिच्या. मला खात्री नाही. रकाना तसाच ठेवलाय, पेन्सिलीनं अर्धा भरून.

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचं सॉफ्टबॉल डेव्हन पार्कलाच होणार आहे. तेवढं थांबायची गरज नाही म्हणा, पुढच्या जूनमध्ये आम्ही पुन्हा येतोय, त्याच बाजूला बसू. पेन्सिल आणते. तिच्या टोकाला तुमच्या दातांच्या खुणा आहेत, त्यांच्याशेजारी आता माझ्याही झाल्यात; चालवून घ्या.

तुमची,
उजव्या हाताची शेजारीण