दाहाला सरसकट खलनायक ठरवू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत 'शरीरातला दाह मुळापासून संपवा' अशा धर्तीचे लेख सतत येत आहेत. रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून माझा जन्म गेला. दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्यांतला वाढलेला ईएसआर आणि सीआरपी पाहणे हेच रोजचे काम. दाह म्हणजे जंतू किंवा जखमेला शरीराने दिलेले उत्तर. तो जुनाट झाला की सांधे आणि रक्तवाहिन्या नासवतो, याबद्दल माझा वाद नाही. पण गर्भात दाहाचे संकेतच नसते, तर रक्ताच्या मूळ पेशी पुरेशा जन्मल्याच नसत्या, असे प्राण्यांवरचे संशोधन सांगते. ही बाजू या लेखांत नावालाही सापडत नाही.

तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळ्यांची वंशावळ ज्या मूळ पेशींपर्यंत पोचते त्या मोठेपणी हाडांच्या मज्जेत असतात. त्यांचा जन्म मात्र गर्भाच्या महाधमनीच्या खालच्या भिंतीत होतो. तिथल्या अस्तराच्या काही पेशी गोलसर होतात, भिंत सोडतात आणि रक्तपेशींच्या मार्गाला लागतात. झेब्राफिश या छोट्या माशाचा भ्रूण पारदर्शक आणि आईच्या शरीराबाहेर वाढणारा. त्यामुळे ही घटना त्याच्या आयुष्याच्या दुसऱ्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली घडताना पाहता येते. २०१०मध्ये शास्त्रज्ञांनी ती माशात आणि उंदराच्या भ्रूणातही प्रत्यक्ष टिपली.

पुढचा भाग माझ्यासारख्याला चक्रावून टाकणारा आहे. २०१४मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील डेव्हिड ट्रॅव्हर यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की माशाच्या भ्रूणात टीएनएफ-अल्फा हा दाहाचा संदेशवाहक रेणू अडवला तर या मूळ पेशी घटतात. हा रेणू प्रामुख्याने येतो कुठून? तर न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींकडून! म्हणजे मूळ पेशींच्याही आधी तयार झालेल्या, अल्पायुषी पहिल्या फळीकडून. तेव्हा भ्रूणात जंतू नसतात, जखम नसते, तरीही संकेत जातो. न्यूट्रोफिल वाढले की संसर्ग शोधा, एवढेच गणित मी स्लाइडवर मांडत आलो. त्याच वर्षी इंटरफेरॉन या दुसऱ्या दाहसंकेताबद्दलही असेच दिसले: तो नसलेल्या उंदरांच्या भ्रूणात मूळ पेशी कमी भरल्या.

त्याआधी, २००७मध्ये, प्रोस्टाग्लँडिन ई-२ हा दाहाशी निगडित रेणू दिल्यावर झेब्राफिशच्या भ्रूणात मूळ पेशी वाढल्या होत्या आणि त्याची निर्मिती रोखल्यावर घटल्या होत्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या शरीरात ज्या रेणूंची निर्मिती रोखतात, त्यांतलाच हा एक. त्याच्या टिकाऊ रूपाने प्रक्रिया केलेले नाळेतले रक्त पुढे प्रत्यारोपणासाठी रुग्णांमध्येही तपासले गेले. ज्या रुग्णाला मज्जादाता मिळत नाही, त्याच्यासाठी प्रयोगशाळेत मूळ पेशी घडवायच्या तर भ्रूणातले असे संकेत उमगणे भागच आहे.

पण लगेच उलट टोकाला जायचे कारण नाही. जन्मानंतर चित्र पालटते. मोठ्या उंदरांत इंटरफेरॉन निद्रिस्त मूळ पेशींना जागे करतो, हे २००९मध्ये दिसले. पण पुन्हा पुन्हा जागे केले तर त्या खंगतात. २०२२च्या एका प्रयोगात, दाह थांबवून बराच काळ विसावा दिल्यावरही उंदरांच्या मूळ पेशींची ताकद परतली नाही. रेणू तेच, पण वेळ आणि मुदत बदलली की परिणाम उलटा.

आणि नाळेतल्या रक्ताची ती चाचणी सोडली, तर हे सारे मासे आणि उंदीर यांच्यातले आहे. संधिवातासाठी टीएनएफ-रोधक औषध घेणाऱ्या कुणी हे पत्र वाचून ते बंद करू नये. भ्रूणावरचा प्रयोग त्या रुग्णाबद्दल काहीच सांगत नाही. 'अमुक पदार्थाने दाह गायब' असे छापताना तो प्रयोग माणसांवर झाला, उंदरांवर की काचेच्या बशीतल्या पेशींवर, हे मात्र आपले लेख कधी सांगत नाहीत. मथळ्यात नसले तरी पहिल्या परिच्छेदात ते असावे. मात्रा किती आणि किती दिवस, हेही. शिवाय या विषयावर एखाद्या रक्तविकारतज्ज्ञाकडून लेख मागवलात, तर पुरवणीतल्या पुढच्या 'दाहनाशक' यादीऐवजी तोच मी आधी वाचेन.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ