रेल्वेची तारीख पाठ, हिशेब कोरा

महोदय,
आठवीच्या वर्गात ‘इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली’ हे वाक्य हमखास येते. ठाण्यातल्या मुलांना तर १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे हे तोंडपाठच असते. पैसा कोणाचा, हे मात्र कोणी विचारत नाही.

एक तासिका त्यालाच द्यावी. फळ्यावर गणित मांडावे: रेल्वे कंपनीचे भांडवल १०० रुपये, त्यावर सरकारने भागधारकांना हमी दिलेले व्याज ५ टक्के. समजा नफा २ रुपयेच झाला. मग उरलेले ३ कुठून आले? मुले हटकून ‘कंपनीने भरले’ म्हणतात, कारण सरकारी हमी म्हणजे काय हे आधी सांगितलेलेच नसते. ते ३ रुपये हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात आणि त्या तिजोरीत मोठा वाटा शेतसाऱ्याचा. खर्च फुगला तरी लंडनचा भागधारक निश्चिंत! हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे वाहून जाते, असे दादाभाई नौरोजी का म्हणत होते, ते यानंतर वेगळे समजवावे लागत नाही.

शब्द आधी उलगडण्याची हीच गरज इतर धड्यांतही आहे. नवी मुंबईच्या शाळांना उरण तालुक्यातले चिरनेर जवळ आहे. २५ सप्टेंबर १९३०चा तिथला जंगल सत्याग्रह शिकवण्यापूर्वी राखीव जंगल, सरपण, गुरचराई हे शब्द उलगडावेत. नाहीतर उत्तरपत्रिकेत तोही मिठाचाच होतो.

– एक इतिहास शिक्षक, ठाणे