आप्पाकाकांच्या कागदातला आकडा

दापोली,
श्रावण

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

आंजर्ल्याच्या घराच्या कीपॅडच्या कुलपाचा चार अंकी आकडा आप्पाकाकांनी कोड्यात लिहून ठेवलाय, त्या कागदाचा फोटो मिळाला. आधी उत्तर सांगतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. २५७४. तो चालला नाही तर २५४७. हे दोनच का, आणि आंजर्ल्याला दारात उभं राहून काय करायचं, ते खाली सविस्तर आहे. फोनवर आकडा सांगून मोकळं होता आलं असतं. पण आपल्याकडे पावसाळ्यात आकडा बरोबर असूनही दार उघडत नाही, आणि मग माणूस बरोबर आकड्यावरच शंका घेऊन भलतेसलते नंबर दाबत बसतो. आकडा कुठून आला हे तुला माहीत असलं की तसं होणार नाही.

फोटोत वाचता येतं ते असं:

४२८१ – दोन आहेत, दोघांचीही जागा चुकली
६५०३ – एक आहे, जागेवर
७९८६ – एक आहे, जागा चुकली
८१३० – एकही नाही
नवाने भाग जातो
…राने भाग जातो

शेवटच्या ओळीचं तोंड कसरीने खाल्लंय. त्याची काळजी नको. पहिल्या चार ओळी वाचायच्या त्या अशा: दिलेल्या आकड्यातले किती अंक कुलपाच्या आकड्यात आहेत, आणि ते आपापल्या जागेवर आहेत की नाहीत.

असल्या कोड्यात सगळे पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. सुरुवात ‘एकही नाही’पासून करायची. वहीच्या पानावर शून्य ते नऊ असे दहा उभे रकाने आणि आकड्यातल्या चार जागांसाठी चार आडव्या ओळी आख, म्हणजे चाळीस घरं झाली. जे शक्य नाही त्यावर फुली मारायची. हे डोक्यात करण्यात काही शहाणपण नाही. डोक्यात एखादी फुली निसटली की पुढचं सगळं निसटतं, आणि कुठे निसटलं तेही सापडत नाही.

चारही अंक वेगवेगळे आहेत असं तूर्त धरू. पहिल्या जागेला दहा अंक, मग नऊ, मग आठ, मग सात, म्हणजे एकूण ५०४० आकडे. चौथी ओळ ८, १, ३, ० बाद करते. उरले २, ४, ५, ६, ७, ९. या सहांतून चार घेऊन ३६० आकडे होतात. एका नकाराने चौदातले तेरा आकडे गेले!

आता पहिली ओळ. तिच्यातले ८ आणि १ गेलेच, म्हणजे असलेले दोन अंक ४ आणि २. चार पहिल्या जागी नाही आणि दोन दुसऱ्या जागी नाही. ३६०चे ८४ झाले.

दुसऱ्या ओळीतले ० आणि ३ गेलेत. म्हणून एकतर ६ पहिल्या जागी आहे, नाहीतर ५ दुसऱ्या जागी. दोन्ही नाहीत, कारण ‘एक आहे’ असं लिहिलंय. इथे उरतात १६, आणि इथेच कागदावर दोन फाटे करून दोन्ही शेवटपर्यंत चालवायचे. एक फाटा मनाला पटतो म्हणून दुसरा सोडायचा नाही.

सहाचा फाटा बघ. ६ असला तर ५ नाही. तिसऱ्या ओळीतला एक अंक तर ६च झाला, म्हणून ७ आणि ९ही नाहीत. मग हातात राहतात ४, २, ६. चौथा अंक आणणार कुठून? फाटा बंद.

पाचाच्या फाट्यात ५ दुसऱ्या जागी आणि ६ बाद. तिसऱ्या ओळीतून ७ किंवा ९ यांपैकी एकच येतो. सात पहिल्या जागी नको, चारही पहिल्या जागी नको. मांडून पाहिलंस तर सहाच आकडे निघतात: २५४७, २५७४, २५४९, २५९४, ९५२४, ९५४२.

पाचव्या ओळीत नवाची कसोटी आहे. अंकांची बेरीज नवाच्या पटीत हवी. २, ४, ५, ७ यांची बेरीज १८, चालते. २, ४, ५, ९ यांची २०, चालत नाही. नऊ असलेले चारही आकडे गेले आणि दोन राहिले. या कसोटीचा दोष असा की अंकांची अदलाबदल तिला दिसतच नाही, बेरीज तीच राहते. म्हणून २५४७ आणि २५७४ तिला सारखेच. (बेरीज दिली आणि संख्या किती ते काढा, हा छंद आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत ‘अंकपाश’ म्हणून प्रकरणच आहे. शून्य सोडून पाच अंक, बेरीज तेरा, तर संख्या किती? उत्तर ४९५. तुझ्या धाकट्याला घालून बघ.)

आता कसरीने खाल्लेली ओळ. ‘राने’ एवढंच उरलंय. खाल्लेली जागा एकदोन अक्षरांची दिसते, म्हणजे अकराने, बाराने, तेराने, पंधराने, सतराने, अठराने किंवा चाराने. शंभराने आणि सत्तराने होणार नाही, कारण शेवटी शून्य लागेल आणि शून्य बाद आहे. या सातही भाजकांनी दोन्ही आकडे भागून पाहिले. २५४७ला यातल्या एकानेही पूर्ण भाग जात नाही. २५७४ला अकराने जातो (२३४), तेराने जातो (१९८), अठरानेही जातो (१४३). म्हणजे तोंड गेलेल्या ओळीनेही काम केलंच. माझा अंदाज ‘अकराने’ असा आहे. लगतचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले तर अकराची कसोटी ते हमखास पकडते, आणि नवाने नेमकं तेच सुटतं. आप्पाकाकांनी जोडी विचार करून लावलेली दिसते. नवाच्या ओळीनंतर ‘अठराने’ म्हणणं म्हणजे नुसतं ‘सम आहे’ म्हणणं. त्यासाठी कोणी अठरा लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी लिहायची राहिली, की अंक वेगळेच आहेत की एखादा दोनदा आलाय. कोडं रचणारे हमखास हेच विसरतात, कारण त्यांच्या डोळ्यासमोर उत्तर असतं. दोनदा चालत असेल तर सहाचा बंद झालेला फाटा पुन्हा उघडतो: ६४२२, ६४२४, ६४४२, ६४६२, ६६२४, ६६४२. यातले ६४६२, ६६२४ आणि ६६४२ नवाच्या कसोटीत टिकतात. पाचाच्या फाट्यात २, ४, ५ आणि सात किंवा नऊ असे चार अंक भरलेलेच असल्यामुळे तिथे पुनरावृत्तीला जागा नाही. तेव्हा वाईटात वाईट धरलं तरी एकंदर पाच आकडे. दाबायचा क्रम: २५७४, २५४७, ६६२४, ६४६२, ६६४२. सहाने सुरू होणाऱ्या तिघांत ६६२४ आधी, कारण त्याला चाराने आणि बारानेही भाग जातो.

अक्षराबद्दल दोन शब्द. आप्पाकाकांचा १ आणि ९ फोटोत सारखेच दिसतात. तिसऱ्या ओळीतला ९ खरं म्हणजे १ असला तर काय, तेही करून पाहिलं. तेव्हा ६४२९, ६४९२, ६९४२, ६९२४ असे चार नवे आकडे येतात, पण त्यांची बेरीज २१, म्हणून नवाच्या ओळीत पडतात. उत्तर बदलत नाही. पहिल्या आणि चौथ्या ओळीतला १ मात्र मूळ कागदावर उजेडात धरून खात्री करून घे. तिथे ९ निघाला तर हिशेब नव्याने मांडावा लागेल. आणि कीपॅडवर इंग्रजी आकडे आहेत हे विसरू नकोस. देवनागरी ४ घाईत वाचला की बोट आठावर जातं. आकडा अक्षरांत लिहून ने: दोन, पाच, सात, चार.

आता दार. कुलपाच्या फोटोत कीपॅडच्या खालच्या कडेला दोन गोल टिकल्या दिसतात. घर महिनोन्‌महिने बंद आहे, आतले सेल उतरले असणारच, आणि ते बदलायचे तर आधी दार उघडून आत जायला हवं. त्यासाठीच त्या टिकल्या आहेत. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, डोक्यावर दोन बटणं असलेली, खेडला गाडीतून उतरल्यावर किंवा दापोलीत घे. आंजर्ल्यात मिळेलच यावर विसंबू नकोस. खाऱ्या हवेने टिकल्यांवर हिरवट थर आला असेल तर पेन्सिलीच्या खोडरबराने घासून काढ. बॅटरी टेकव, दिवा लागला नाही तर उलटी करून टेकव. दिवा लागल्यावर आकडा, हॅश आणि मूठ फिरवणं हे सगळं होईपर्यंत बॅटरी हलू द्यायची नाही. एकट्याला जमत नाही, वहिनींना बॅटरी धरायला सांग. बोटं कोरडी हवीत. ओल्या बोटाने एक अंक दोनदा लागतो किंवा लागतच नाही, आणि कुलूप त्यालाही चूकच धरतं.

अशी कुलपं साधारण तीन ते पाच चुकांनंतर काही मिनिटं गप्प होतात. म्हणून दोन आकडे झाले की थांब, ओटीवर बस, पाच-दहा मिनिटांनी पुढचा दाब. अंक ओळखायच्या खेळात समोरचा ‘दोन बरोबर’ वगैरे सांगतो, म्हणून तिथे ५०४० आकड्यांतूनही सात प्रश्नांत उत्तर काढता येतं. कुलूप फक्त हो किंवा नाही म्हणतं. अंदाजाने दाबून हाती काही लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आकडा दाबल्यावर लाल दिवा आणि तक्रारीचा आवाज आला तर आकडा चुकला. पण हिरवा दिवा लागला, आत कुर्र असा आवाज आला आणि दार जागचं हललं नाही, तर आकडा बरोबर आहे आणि दार फुगलंय. श्रावणात लाकूड पाणी पिऊन फुगतं, फळी चौकटीत दाटते, आणि कुलपाची जीभ पट्टीच्या भोकात एका अंगाला दाबली जाते. मोटर तिला ओढू शकत नाही. अशा वेळी दार आधी आपल्याकडे ओढून धर, तसंच धरून पुन्हा तोच आकडा. नाही जमलं तर कुलपाच्या उंचीवर खांदा आणि खाली गुडघा लावून आत दाब आणि पुन्हा तोच आकडा. तोच, हे अधोरेखित समज.

उघडल्यावर सुताराला बोलावून दार रंधायला लावू नकोस. आत्ता रंधलेलं दार मार्गशीर्षात आकसतं आणि फटीतून विंचू आत येतो. चौकटीवरच्या पट्टीचं भोक कानशीने किंचित मोठं करून घे. सेलच्या खणात पांढरी पावडर साठली असेल तर ती सेल गळल्याची खूण. लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाने पूस, मग ओल्या फडक्याने, मग पूर्ण कोरडं कर. जाताना सेल काढून ठेव. टिकल्यांतून बाहेरची बॅटरी चालते हे तुला आता माहीत आहेच. आणीबाणीच्या चावीच्या भोकात खोबरेल सोडायचा मोह होईल, तो टाळ. साधारण चोवीस अंशांखाली ते थिजतं, शिवाय धूळ धरून ठेवतं. मऊ पेन्सिलीच्या शिसाची पूड चालते.

मागच्या पडवीच्या दाराला बटणांचं बिनबॅटरीचं कुलूप लावायचं तुझ्या मनात आहे ना? मग एक लक्षात ठेव. त्यातल्या बऱ्याच कुलपांत बटणांचा क्रम मोजलाच जात नाही, कुठली बटणं दाबली एवढंच बघितलं जातं. दहातली चार निवडायची तर सगळे मिळून २१० प्रकार. तिथे २५७४ आणि २५४७ एकच! शिवाय बटणं झिजून चकाकायला लागली की तेवढेही राहत नाहीत. पडवीला कडी-कोयंडा आणि साधं जाड कुलूपच बरं.

आणि नवा कागद कर. कोडं हवं तर ठेव, आप्पाकाकांना बरं वाटेल. पण आकडा बदल, कारण हा आता पत्रात आला. वर पहिल्या ओळीत ‘चारही अंक वेगळे’ लिही, नवाची आणि अकराची कसोटी दोन्ही ठेव, आणि लिहून झाल्यावर आकडा माहीत नसलेल्या माणसाकडून सोडवून घे. एकाहून जास्त उत्तरं निघाली तर ओळ वाढव. पेन्सिलीने लिही, शाई दमट हवेत फुटते. एक प्रत डोंबिवलीला ठेव, एक माझ्याकडे पाठव.

गणपतीच्या आदल्या दिवशी पोचण्याऐवजी दोन दिवस आधी ये, आणि दुपारच्या आत ये, म्हणजे उजेडात दार बघता येईल. निघताना फोन कर. आप्पाकाकांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मधू