टंचाई मजुरांची, वाढते ती उचल

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ऊसतोडणी मजूर मिळत नाहीत, मजुरांच्या टोळ्या पुरवणारे मुकादम उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) घेऊन पळतात, गाळप रखडते आणि राज्याचे नुकसान होते, हा सूर हंगामाच्या तोंडावर दरवर्षी लागतो. तक्रार खोटी नाही, पण ती नेहमी कारखान्याच्या गेटातूनच ऐकू येते. मी कामगार पुढारी नाही. धारूर तालुक्यात माझे कापडाचे दुकान आहे आणि धंदा सगळा कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीवर.

दसरा-दिवाळीला उचल वाटली जाते तेव्हा आमच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. साड्या, स्वेटर, पोरांचे कपडे, सगळे रोखीने जाते. मग टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघून जातात आणि गावात उरतात म्हातारी माणसे नि कुलपे. खरा हिशेब उन्हाळ्यात कळतो. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपवून, परतलेल्या माणसाच्या हातात हंगामभराची कमाई असायला हवी, पण दुकानात ऐकायला मिळते ते ‘उचल फिटली नाही.’ बाकी पुढच्या उचलीत वळती होते आणि माझ्या वहीत उधारी चढते. आमच्या बाजारपेठेची दिवाळी मजुराच्या कमाईवर होत नाही, त्याच्या कर्जावर होते. अशा पेठेत दुसरे दुकान टाकायची, चार पोरे कामाला ठेवायची हिंमत कोण करील?

माल कमी पडला की भाव वाढतो, हे मला कोणी शिकवायला नको. मग मजूर कमी पडत असतील तर मजुरी चढायला हवी. इथे चढते ती उचल. कारण एकदा उचल घेतली की तो कोयता त्या मुकादमाचा. शेजारचा कारखाना जास्त देतो म्हणून तिकडे जाता येत नाही. दर ठरतो तीन वर्षांतून एकदा, कारखान्यांचा साखर संघ आणि मजूर संघटना यांच्या बैठकीत, तोही संपाचा इशारा दिल्यावर. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मिळाली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. दिवसाला दोन टन तोडले तर साधारण ७३० रुपये, आणि ते नवरा-बायको दोघांचे मिळून. पहाटे उसाच्या फडात शिरायचे, मोळ्या डोक्यावर वाहायच्या आणि रात्री-अपरात्री गाडी आली की ती भरायची. आजारी पडले तर खाडा, वर दंड.

पाळीच्या दिवसांतही पडणाऱ्या या खाड्याची किंमत बीड जिल्ह्याने मोजली आहे. २०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यातल्या कितीतरी ऐन तिशीतल्या. त्यांची पुढची कष्ट करायची ताकद, फडावर नेल्यामुळे शाळा सुटलेली मुले, हे सगळे राज्याच्या उत्पन्नाच्या कुठल्या रकान्यात धरायचे? एक लाख कोटी डॉलरच्या अर्थव्यवस्थेची भाषा करणाऱ्यांनी एवढे तरी सांगावे.

मजूर स्वस्त होता तोवर यंत्राचा विचार कोणी फारसा केला नाही. २०२३ मध्ये ऊसतोडणी यंत्राला ४० टक्के, कमाल ३५ लाखांपर्यंत अनुदान जाहीर झाले. यंत्रे जरूर यावीत. पण कोयता खाली ठेवणाऱ्या माणसाने कुठे जायचे, याचा त्या योजनेत एक शब्द नाही.

उपाय परदेशातून आणायला नको. याच राज्याने १९६९ मध्ये हमालांसाठी माथाडी कायदा केला. मालक, कामगार आणि शासन यांचे मंडळ. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (ठरावीक टक्के जादा रक्कम) मालकाने मंडळात भरायची आणि मजुराला पैसे मंडळाकडून मिळायचे. भविष्य निर्वाह निधी, बोनस, दवाखाना त्यातूनच आला. त्या कायद्याच्या नावाने आज खंडणीखोरही पोसले जातात, हे मान्य. तरी साताऱ्या-सांगलीकडून आलेल्या हमालांनी नवी मुंबईच्या कोपरखैरणे-घणसोलीत घरे केली, मुले शिकवली. ओझे दोघांच्याही डोक्यावर. एकाच्या पाठीशी मंडळ, दुसऱ्याच्या मानगुटीवर मुकादम.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांवर टनामागे १० रुपये आकारणीही आहे. मग प्रत्येक कोयत्याची त्याच महामंडळात नोंद करा, उचल आणि तोडणीचे पैसे दोन्ही त्यामार्फत खात्यात जमा करा. बायकोचे बायकोच्या खात्यात. आणि पुढचा करार होईल तेव्हा दराच्या आधी खाड्याचा दंड रद्द करण्यावर सह्या घ्या.

– एक कापड दुकानदार, धारूर (जि. बीड)